कमी ओढणाऱ्याचं व्हेप, कमी खर्चात : लेस्टरमधल्या नोंदी

या नोंदी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि आधीपासून सिगरेट ओढणाऱ्या माणसासाठी आहेत. जो ओढत नाही त्याने व्हेपला, म्हणजे निकोटिनची वाफ ओढायच्या ई-सिगरेटला, हातही लावू नये. सिगरेटपेक्षा त्रास पुष्कळ कमी, एवढंच त्याचं मोल आहे. निरुपद्रवी ते नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटची विक्री, आयात, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे, म्हणून तिकडच्या वाचकांनी हे करून बघू नये. तिकडे जाताना काय केलं ते डिसेंबरच्या नोंदीत आहे.

२९ ऑगस्ट २०२५

आधी हिशेब. सांगलीत होतो तेव्हा टपरीवर चहाबरोबर एक सुटी सिगरेट मिळायची. दिवसाला तीन झाल्या तर तीनचेच पैसे. इथे तसं नाही. २०१७ पासून १० चं पाकीटसुद्धा बंद आहे, २० चंच घ्यावं लागतं. तंबाखू घेऊन वळायची म्हटली तर ३० ग्रॅमच्या खाली पुडी नाही. कमी ओढणाऱ्याला हे महागात पडतं, कारण पाकीट खिशात असलं की चाराच्या सहा होतात.

माझ्या रोजच्या ५-६. त्यातल्या त्यात स्वस्त पाकीट १५ पौंडांच्या आसपास. आठवड्याला दोन पाकिटं धरली तर महिन्याला सव्वाशे पौंडांच्या घरात जातं. गोदामातल्या रात्रपाळीच्या पगारात एवढ्या पैशांत माझं महिन्याचं वाणसामान येतं.

गणपती बसलेत. विसर्जन झालं की सुरू करायचं.

७ सप्टेंबर

फेकून देण्याचे, एकदा वापरायचे व्हेप १ जूनपासून इथे विकायला बंदी आहे, त्यामुळे पुन्हा भरता येणारंच घ्यायचं होतं. कमी खर्चासाठी तेच बरं. पॉडचं (पॉड म्हणजे लिक्विड भरायची छोटी, बदलता येणारी टाकी) साधं यंत्र १७ पौंडांना मिळालं, सोबत दोन पॉड. कंपनीचं नाव लिहीत नाही, सहा महिन्यांत मॉडेल बदलतात. घेताना काय बघितलं ते जास्त उपयोगी पडेल.

कॉइल (पॉडमधली, लिक्विड तापवणारी तार) एक ओहमच्या वरची हवी; ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. तिला वीज कमी लागते, वाफ कमी निघते आणि ओढताना सिगरेटसारखं आधी तोंडात घेऊन मग आत घेता येतं. दुसरं म्हणजे त्या यंत्राचे पॉड घराजवळच्या दुकानात मिळतात का. शेजारीच ९ पौंडांचं यंत्र होतं, पण त्याचे पॉड फक्त ऑनलाइन मिळायचे. कॉइल करपली आणि पॉड तीन दिवसांनी येणार असेल तर मधल्या तीन दिवसांत माणूस पाकीट घेणारच. ८ पौंड वाचवायच्या नादात १५ पौंडांचं पाकीट येतं.

इथला नियम लक्षात ठेवा : टाकी २ मिलीपेक्षा मोठी नाही, निकोटिनच्या लिक्विडची बाटली १० मिलीपेक्षा मोठी नाही आणि निकोटिन मिलीला २० मिग्रॅपेक्षा जास्त नाही. याच्या वरचं कोणी काउंटरखालून काढून देत असेल तर तो माल तपासलेला नसतो, मग कितीही स्वस्त असो.

दुकानदाराने किती ओढता विचारलं, मी सांगितलं, आणि त्याने २० मिग्रॅ निकोटिन सॉल्टच्या (घशाला सौम्य लागणारं निकोटिन) दोन बाटल्या दिल्या. साडेतीन पौंडांना एक.

८ सप्टेंबर, पहाटे

पाळीवर डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली, पाणी पिऊनही थांबेना. निकोटिन जास्त झालं की हेच होतं. सॉल्ट घशाला लागत नाही, त्यामुळे किती घेतलं ते कळत नाही. सिगरेट संपते तेव्हा थांबायचं कळतं, हे यंत्र संपतच नाही. दिवसाला ५-६ ओढणाऱ्याला २० मिग्रॅची गरज नाही. उद्या १० मिग्रॅची बाटली आणायची. २० मिग्रॅची एक बाटली न फोडता सोबत्याला दिली. तो माझ्याच खोलीत राहतो, साताऱ्याचा आहे आणि रोज पाकीटभर ओढतो.

१० सप्टेंबर

१० मिग्रॅवर डोकं ठीक, पण प्रत्येक झुरक्याला ठसका. आज कारण सापडलं. सिगरेट आपण पटकन आणि जोराने ओढतो. व्हेपला तसं ओढलं की कॉइल तापायच्या आत हवा जाते, अर्धी वाफ आणि अर्धं लिक्विड घशाशी येतं. हळू ओढायचं, तीन-चार सेकंद, आधी तोंडात, मग छातीत. आज संध्याकाळपर्यंत ठसका बराच कमी झाला.

तोंडाला कोरड पडते. लिक्विडमधलं प्रॉपिलिन ग्लायकॉल पाणी शोषतं. पाण्याची बाटली सोबत ठेवतो आहे.

१३ सप्टेंबर

करपट चव. एक झुरका घेतला आणि जळका कापूस तोंडात गेल्यासारखं झालं. बहुतेक लोक इथेच यंत्र ड्रॉवरमध्ये टाकून परत पाकिटावर जातात, म्हणून ही नोंद सविस्तर लिहितो.

कॉइलभोवती कापूस असतो. तो लिक्विडने ओला असला तरच वाफ होते. कोरडा पडला की कापूसच जळतो, आणि एकदा जळला की ती चव धुऊन जात नाही. माझ्याकडे दोन गोष्टी झाल्या. पहिल्या दिवशी पॉड भरून लगेच ओढलं, कापूस आतपर्यंत भिजलाच नव्हता. नंतर पाळीच्या १५ मिनिटांच्या सुट्टीत, पुन्हा वेळ मिळणार नाही म्हणून, एकामागून एक झुरके घेत गेलो. दोन झुरक्यांच्या मधे कापसाला पुन्हा ओलं व्हायला अर्धं मिनिट तरी लागतं.

नवीन पॉड लावला. भरला, मग १० मिनिटं टेबलावर ठेवला, मग बटण न दाबता एक-दोनदा नुसती हवा ओढली, आणि पहिले काही झुरके छोटे घेतले. पाव टाकी उरली की भरतो, कोरडी पडू देत नाही. सुट्टीत झुरके कमी आणि सावकाश. तीन पौंडांचा पॉड गेला आणि एक पूर्ण पाळी चीडचीड करत काढली.

१८ सप्टेंबर

आता उलट तक्रार : ओढताना गुडगुड आवाज आणि जिभेवर कडवट थेंब. पॉडखालीही ओल. यंत्र बिघडलं म्हणून दुकानात बदलून घ्यायला निघालो होतो, त्याआधी पॉड काढून बघितला. वाफ थंड होऊन नळीत पाणी साचतं तसं लिक्विड साचलेलं होतं. कागदी रुमालाची वळकटी करून नळी पुसली, पॉडचा तळ आणि यंत्रावरचे दोन पितळी ठिपके कोरडे केले, पॉड तोंडाकडून खाली धरून दोन झटके दिले. आवाज बंद.

त्याशिवाय दोन गोष्टी. बाटलीचं टोक भरायच्या भोकात नीट बसवून बाजूने दाबायचं, मधल्या हवेच्या नळीत थेंब जाता कामा नये. आणि यंत्र खिशात आडवं पडू द्यायचं नाही. आता हे पुसणं रोजचं, दात घासल्यासारखं.

२४ सप्टेंबर

सोबत्याच्या मित्राने त्याचं जुनं मोठं यंत्र फुकट देऊ केलं. बॅटरी मोठी, कॉइल ०.२ ओहमची, ढग निघतात. बजेटच्या माणसाला फुकटाचा मोह होणारच, म्हणून हिशेब मांडला.

ते यंत्र सरळ छातीत ओढायचं. त्यात १० मिग्रॅचं सॉल्ट घातलं तर निकोटिन फार जास्त जातं. त्याला ३ मिग्रॅचं घट्ट लिक्विड लागतं, आणि ते दिवसाला माझ्या यंत्राच्या कितीतरी पट लिक्विड पितं. माझ्याकडे १० मिलीची बाटली आठवडाभर पुरते. त्यावर महिन्याला एवढा खर्च झाला असता की यंत्र फुकट मिळाल्याचा काही अर्थ राहिला नसता. शिवाय चाळीतल्यासारखं एकत्र घर आहे, खोलीभर ढग कोणाला चालणार? नको म्हणून परत केलं.

२ ऑक्टोबर

धूम्रपान सोडण्याच्या मोफत सेवेत गेलो. लेस्टरची ही सेवा २०१४ मध्येच ई-सिगरेटने सोडू बघणाऱ्यांना दार उघडणाऱ्या पहिल्या सेवांपैकी आहे. मला आधी माहीत असतं तर सुरुवातच तिथून केली असती. सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या योजनेखाली बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचं यंत्रसुद्धा फुकट मिळतं. तुमच्या कौन्सिलकडे (इथली नगरपालिका) आधी विचारा, मग दुकानात जा.

तिथल्या बाईंनी माझ्याकडून दोन गोष्टी काढून घेतल्या.

पहिली : सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली ओढतोस? माझी पहिली उठल्यानंतर तीन-चार तासांनी असते. त्या म्हणाल्या, किती ओढता यापेक्षा यावरून निकोटिनची गरज जास्त कळते. उठल्याउठल्या अर्ध्या तासात ओढणाऱ्याला दिवसाला पाच असूनही जास्त लागू शकतं. म्हणजे माझ्यासाठी १० मिग्रॅ ठीकच होतं.

दुसरी : अजून सिगरेट किती? मी खरं सांगितलं. जेवणानंतरची एक आणि पाळी सुटल्यावरची एक, त्या सुटलेल्या नाहीत. नळीत फुंकायला लावलं. श्वासातलं कार्बन मोनॉक्साइड (धुरातला विषारी वायू) १३ आलं. १० च्या खाली असेल तर न ओढणाऱ्यात धरतात. सकाळी पाळी सुटल्यावरची ओढूनच गेलो होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, पाचाच्या दोन झाल्या याचा पैशाला फायदा, पण हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना जो फायदा व्हायचा तो दोनाच्या शून्य झाल्यावर होतो. कमी ओढणाऱ्याचा हाच गैरसमज असतो, की आपल्या तर दोनच.

घरी येऊन उरलेलं पाकीट सोबत्याला दिलं नाही. पाणी ओतून कचऱ्यात टाकलं. घरात असलेलं कोणाचंही पाकीट माझंच होतं.

६ ऑक्टोबर

जेवणानंतरची सिगरेट सर्वांत चिवट. दुपारी तिच्याशिवाय चालतं, रात्री भात-आमटीनंतर तलफ येतेच. काय काम केलं ते लिहितो : व्हेप जेवण संपल्यावर शोधायचं नाही, पान वाढण्याआधीच भरून, पुसून, दाराशी ठेवायचं. तलफ काही मिनिटांतच ओसरते. तेवढ्यात पॉड रिकामा निघाला किंवा चार्जिंग संपलेलं निघालं तर संपलं. म्हणून मोबाइलच्या चार्जरपाशीच त्याला जागा करून दिली आहे. जलद चार्जर नाही, साधा कमी ताकदीचा, आणि रात्रभर लावून झोपायचं नाही.

पाळी सुटल्यावरच्या सिगरेटसाठी रस्ता बदलला. बसथांब्यावर सगळे ओढत उभे असतात, मी एक थांबा पुढे चालत जातो.

११ ऑक्टोबर

आठवडाभर झोप लागत नव्हती. हात थरथरायचे, छातीत धडधड व्हायची. व्हेपमुळेच असणार म्हणून ५ मिग्रॅवर उतरायच्या विचारात होतो, आणि तसं केलं असतं तर तलफ परत आली असती. सेवेत फोन केला. बाईंनी विचारलं, कॉफी किती?

रात्रपाळीला चार मोठे मग. त्यांनी सांगितलं ते मला कोणीच सांगितलं नव्हतं. सिगरेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की ते काम मंदावतं, आणि तेवढीच कॉफी रक्तात जवळजवळ दुप्पट होऊन बसते. याचा निकोटिनशी संबंध नाही, धुराशी आहे. म्हणून व्हेपवर असलो तरी हे होतंच. कॉफी अर्ध्यावर आणली. तीन रात्रींत धडधड गेली.

चहा पिणाऱ्यांनाही हेच लागू. आणि कोणी नियमित औषधं घेत असेल, विशेषतः मनोविकाराची किंवा दम्याची, त्याने सिगरेट बंद करण्याआधी डॉक्टरला सांगावं. काही औषधांचं प्रमाणही याच कारणाने बदलावं लागतं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. चकलीतला ओवा लागला. आईने पाठवलेल्या भाजणीचा वास पिशवी उघडल्याउघडल्या आला. आईला फोनवर सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "असाच राहा."

सेवेत पुन्हा फुंकलं : २.

९ नोव्हेंबर

खर्च अजून कमी होईल का बघितलं. इथे ५० मिली बिननिकोटिनचं लिक्विड ६० मिलीच्या बाटलीत मिळतं. त्यात मिलीला १८ मिग्रॅचा १० मिली निकोटिन शॉट (निकोटिनची वेगळी छोटी बाटली) ओतायचा, हलवायचं, आणि मिलीला ३ मिग्रॅचं ६० मिली तयार. सगळं मिळून १० पौंडांच्या आत. कागदावर १० मिलीच्या बाटल्यांच्या निम्म्याहून कमी भाव.

पॉडमध्ये ते नीट चाललं नाही. या बाटल्या बहुतेक ७० टक्के ग्लिसरीनच्या असतात, लिक्विड घट्ट, छोट्या कॉइलचा कापूस ते ओढू शकत नाही, पुन्हा करपट. मग ५०-५० मिश्रणाची (अर्धं ग्लिसरीन, अर्धं प्रॉपिलिन ग्लायकॉल) बाटली आणली. चालली, पण ३ मिग्रॅने तलफ भागेना, दिवसभर यंत्र तोंडात आणि टाकी दिवसाला दोनदा रिकामी. मिलीमागे वाचलं ते झुरक्यांत गेलं. शिवाय आंब्याच्या गोड चवीने कॉइल काळी पडली. जितकं गोड तितकी कॉइल लवकर जाते, त्यामुळे साध्या पुदिन्यावर परत आलो. छोट्या पॉडला १० मिलीची ५०-५० बाटलीच बरी.

थंडी पडली आहे. बाहेर ठेवलेलं यंत्र पहिल्या दोन झुरक्यांना करपट लागतं, लिक्विड थंडीने घट्ट होतं. कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचं.

१४ डिसेंबर

पुढच्या आठवड्यात सांगली. व्हेप इथेच राहणार. "बॅगेत कोण बघतंय" असं सांगणारे भेटले, त्यांचं ऐकू नका. भारतातल्या कायद्यात आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. यंत्र, पॉड, लिक्विड, सगळं ड्रॉवरमध्ये. पॉड रिकामा करून ठेवला, परत आल्यावर शिळं लिक्विड ओढायला नको.

त्याऐवजी २ मिग्रॅचं निकोटिन गम. हे तिकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं आणि इथल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. विमानप्रवासापुरतंच इथून घेतलं.

२३ डिसेंबर, सांगली

गम दोन दिवस लागूच पडेना. उचकी आणि घशात जळजळ. औषधाच्या दुकानातल्या काकांनी समजावलं : हे च्युइंगगमसारखं सतत चघळायचं नसतं. चार-पाचदा हळू चावायचं, तिखट लागलं की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. अर्धा तास एक. निकोटिन तोंडातून शोषलं जातं. भराभर चावून लाळ गिळली की पोटात जाऊन उचकी लागते.

दुसरी अडचण टपरीची होती. मित्रांबरोबर चहा घेतला आणि गम तोंडात टाकला तर काहीच उपयोग नाही, कारण चहा-कॉफीमुळे तोंड आंबट होतं आणि निकोटिन शोषलं जात नाही. आता चहाच्या पाऊण तास आधी गम घेतो, तो संपल्यावर १५ मिनिटं थांबतो, मग टपरीवर जातो. तलफ आधीच दबलेली असते. मित्राने सवयीने पाकीट पुढे केलं, मी नको म्हणालो, त्याने ते खिशात ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही. दोन दिवसांनी त्यानेच विचारलं की गम कुठे मिळतो. त्याला तंबाखू सोडण्याच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा नंबर दाखवला. त्याच्याच पाकिटावर छापलेला होता.

१८ जानेवारी २०२६

लेस्टरला परत. गमवर इतके दिवस चांगले गेल्यामुळे व्हेप परत सुरू करायचं का, हा विचार केला. पहिल्याच रात्रपाळीला, थंडीत, सगळे बाहेर ओढत असताना गम पुरलं नाही, म्हणून केलं. पण दिवसा ५ मिग्रॅ आणि फक्त पाळीवर १०. दोन पॉड, दोन रंगांचे, म्हणजे गोंधळ नाही.

८ फेब्रुवारी

महिन्याचा स्थिर खर्च : १० मिलीच्या चार बाटल्या १४ पौंड, दोन पॉड ६ पौंड. एकूण २०. सिगरेटला सव्वाशे जात होते. पहिल्या महिन्यात मात्र यंत्र, चुकीच्या बाटल्या आणि जळलेले पॉड मिळून ४५ च्या आसपास गेले. ते धरूनच बजेट करा.

एक गोष्ट पुढची. १ ऑक्टोबर २०२६ पासून इथे व्हेपच्या लिक्विडवर दर १० मिलीला २.२० पौंड कर लागणार आहे, निकोटिन असो वा नसो. त्यावर २० टक्के व्हॅट धरला तर बाटलीमागे २.६४. माझी साडेतीनची बाटली सहाच्या वर जाईल, महिन्याला दहा-साडेदहा पौंड जास्त. मोठ्या टाकीवाल्यांना आणि ६० मिली बनवणाऱ्यांना याचा मार जास्त बसेल, कारण कर मिलीवर आहे, निकोटिनवर नाही. तरीही सिगरेटपेक्षा स्वस्तच, पण तोपर्यंत पाळीवरचं १० सुद्धा ५ वर आणायचं आणि दिवसाचं ५ बंद करायचं ठरवलं आहे. निकोटिन घाईने उतरवायचं नाही, हे बाईंनी बजावलं आहे : सिगरेट परत येण्यापेक्षा व्हेप चार महिने जास्त चालू राहिलं तरी चालेल.

१५ फेब्रुवारी

सोबत्याला सेवेत घेऊन गेलो. त्याची पहिली सिगरेट अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी असते, त्यामुळे त्याला २० मिग्रॅ आणि वर निकोटिनचा पॅचसुद्धा (त्वचेवर चिकटवायची पट्टी) दिला. यंत्र फुकट मिळालं. घरी आल्यावर भरलं, १० मिनिटं टेबलावर ठेवायला लावलं. तो घड्याळाकडे बघत बसला होता, मी कॉफीचा डबा वरच्या फळीवर ठेवला.